आत गाडी येत नाही

डेपोत तिला सगळे चालकबाई म्हणत. नऊ वर्षं ती शहराची बस चालवत होती आणि त्या नऊ वर्षांत तिच्या बसने कुणाच्या आरशालासुद्धा ओरखडा काढला नव्हता. मग मार्चमधल्या एका दुपारी, शाळेमागच्या अरुंद रस्त्यावर, उभ्या दोन मोटारींच्या फटीतून चारेक वर्षांचं एक पोर इवल्याशा सायकलवरून थेट तिच्या पुढ्यात आलं.

तिने ब्रेक दाबला. बस थांबली तेव्हा पोर दिसत नव्हतं. समोरच्या काचेखाली जी जागा चालकाला कधीच दिसत नाही, तिथे ते होतं. आवाज आला नव्हता. पण आवाज आला नाही म्हणजे काही झालं नाही असं नसतं, हे तिला ठाऊक होतं. दार उघडून ती खाली उतरली. पोर उभं होतं. सायकलचं चाक आणि बस यांच्यात चार बोटांचं अंतर. त्याने मान वर करून तिच्याकडे पाहिलं, सायकल वळवली आणि आलं तसं निघून गेलं.

पहिल्या बाकावर एक निवृत्त मास्तर रोज बसत. ते म्हणाले, “काळ आला होता बाई, वेळ आली नव्हती.”

ती पुन्हा चाकावर बसली. उरलेले सहा थांबे घेतले, बस डेपोत लावली, सही केली, घरी आली. नवऱ्याला सांगू सांगू म्हणता आठवडा गेला, महिना गेला, आणि मग ‘तेव्हाच का नाही सांगितलंस’ या प्रश्नाचीच धास्ती वाटू लागली. म्हणून ते राहिलं ते राहिलंच.

पण भीती काही पोटात बसून राहिली नाही. साडेतीन वर्षांच्या मुलीचा हात रस्त्यावर ती इतका घट्ट धरायची की मनगटावर बोटांच्या खुणा उठायच्या. मुलीला घरात मिरी म्हणत, कारण एवढीशी होती आणि तिखट होती. धाकटा दीड वर्षाचा. दुधावर टपलेला आणि अंगाला हात लावला की ओरबाडणारा, म्हणून तो बोका. मिरीला तिने एक गोष्ट अगदी घोटून घोटून शिकवली होती: आई ओरडली की असशील तिथे थांबायचं. एक पाऊल पुढे नाही, एक पाऊल मागे नाही. घरात, जिन्यात, दुकानात तिने याची तालीम घेतली होती. मिरी खांबासारखी थांबायची आणि शाबासकीची वाट बघायची.

नवरा चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा. दिवसभर काचेच्या कडा बघणारा माणूस, पण स्वभावाने मोकळा. त्यानेच मिरीला पायडल नसलेली छोटी सायकल आणली, दोन्ही पायांनी ढकलत जायची. ती तीन महिने बाल्कनीत पडून होती.

एका सकाळी चहा पिताना तो म्हणाला, “चार दिवस सुट्टी जुळतेय. तंबू टाकू कुठेतरी. मिरी सायकल शिकेल, बोक्याला मी माझ्या सायकलवर पुढच्या सीटवर बसवीन.”

“कुठे?”

“जिथे गाड्या नाहीत तिथे. बास?”

तिला नाही म्हणायला कारण सापडेना. मग ती म्हणाली, “जागा मी बघणार. फोटो नाही. जाऊन बघणार.”

पुढचे तीन रविवार त्यात गेले. पहिल्या ठिकाणी खरंच गाड्या नव्हत्या, पण शनिवारी दहा ते बारा सामान उतरवायला सगळ्यांना आत सोडत. “दोनच तास,” तिथला माणूस म्हणाला. तिच्या डोळ्यांसमोर लगेच चित्र उभं राहिलं: घाईत मागे येणाऱ्या तीस गाड्या आणि मधून धावणारी पोरं. ती तिथूनच परतली. दुसऱ्या ठिकाणी वाट फार सुंदर होती, पण एका वळणावर तळं होतं आणि तळ्याला कठडा नव्हता. ती वळणावर उकिडवी बसली, मिरीच्या उंचीवर डोळे आणले आणि बराच वेळ पाण्याकडे बघत राहिली.

“हे स्थळही नापसंत?” नवऱ्याने विचारलं. “असंच चाललं तर आपला तंबू बिनलग्नाचा राहील बघ.”

ती हसली, पण उठून गाडीत जाऊन बसली.

तिसरी जागा जंगलाच्या कडेला होती. फाटकाबाहेर गाड्यांचं मैदान. तिथे गाडी लावायची, सामान हातगाडीवर टाकायचं आणि सव्वा किलोमीटर चालत आत जायचं. आत बारीक खडीची ठोकून सपाट केलेली गोल वाट, मधे गवत, कडेला तंबूंच्या जागा आणि दहा-बारा लाकडी खोल्या. तिथली व्यवस्थापकीण मोठ्या आवाजाची, कामसू बाई होती. किल्ल्यांचा जुडगा वाजवत ती पुढे चालली होती आणि दर शंभर पावलांवर सांगत होती, “आत गाडी येत नाही. सायकल आणि हातगाडी, एवढंच.”

वाट थोडी उतरत होती आणि उताराच्या तळाशी, वळणावर, कपडे धुण्याची खोली होती. तिच्या दारापुढे ओल्या मातीत चालकबाईला दोन समांतर खुणा दिसल्या. हातगाडीच्या नव्हत्या. रबरी टायरच्या होत्या.

“हे काय?”

“तो धुण्याचा गाडा. खोल्यांच्या चादरी-उश्या न्यायला. बॅटरीवरचा आहे, माणसाच्या चालीने जातो. आमचे काका चालवतात, वीस वर्षं इथे आहेत. आजवर सरडासुद्धा चाकाखाली आला नाही त्यांच्या.”

“मागे येताना आवाज करतो?”

“छे हो, कसलाच आवाज नाही. लोक शांततेसाठी तर येतात. आणि मुलं उठायच्या आत त्यांचं काम आटपतं.”

तिने खुणांवरून नजर खोलीच्या दारापर्यंत नेली. दरवाजा थेट वाटेवर उघडत होता. पण तिने वळून पाहिलं तर नवरा बोक्याला खांद्यावर घेऊन झाडाचं काहीतरी दाखवत होता, मिरी गवतात लोळत होती, आणि तीन रविवार सगळे तिच्यामागे फरफटत आले होते. आपल्याच डोक्याने आता काहीतरी घेतलंय, असं तिने स्वतःला सांगितलं.

“ठीक आहे,” ती म्हणाली. “हीच जागा.”

सुट्टीचा पहिला दिवस तंबू ठोकण्यात आणि मिरीच्या मागे धावण्यात गेला. मिरी पाय ढकलत पुढे, ती पाठोपाठ वाकून, दोन्ही हात पसरून, कोंबडी पकडायला निघाल्यासारखी. तंबूपाशी बसलेला नवरा ओरडून सांगत होता, “मिरी, चाकाकडे नको बघू, पुढे बघ.” संध्याकाळपर्यंत मिरी पाय उचलून दहा हात जाऊ लागली. बोक्याने सायकलच्या सीटवरून बापाचे केस मुठीत धरून तीन फेऱ्या मारल्या. चालकबाईची मात्र पाठ दुखत होती आणि मान सारखी त्या वळणाकडे जात होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातच्या आधीच ती वळणावरच्या ओंडक्यावर जाऊन बसली. सव्वासातला गाडा निघाला. बुटकी, उघडी, चार चाकांची गाडी. पुढे दोघांपुरती सीट, मागे कपडे ठेवायचा चौकोनी हौदा. चालवणारे काका साठीच्या पुढचे, कानटोपी घातलेले. त्यांनी तिला पाहून मान हलवली. गाडा मुंगीच्या पायांनी तिच्यासमोरून गेला आणि आठच्या आत परत येऊन दाराआड झाला. तिने घड्याळ पाहिलं. त्या दिवशी कितीतरी महिन्यांनी पहिल्यांदा ती गवतावर आडवी पडली आणि डोळे मिटले.

तिसऱ्या सकाळी तिने ओंडक्यावर पहारा दिला नाही. रात्री पाऊस झाला होता. दोरीवरच्या चादरी पुन्हा भिजल्या होत्या, त्या वाळायला वेळ लागला, आणि गाडा खोळंबला. तिला हे कोण सांगणार?

दहा वाजत आले होते. नवरा तंबूपुढे छोट्या शेगडीवर अंडी उकडत होता. ती नळावर बोक्याचे चिखलाचे पाय धूत होती. मिरी आपली सायकल घेऊन वरच्या बाजूला होती, तिच्या नजरेच्या टप्प्यात. बोक्याने साबण तोंडात घातला. तो काढायला जेवढा वेळ लागला तेवढाच वेळ तिची नजर हटली.

मान वर केली तर मिरी उताराला लागली होती. पाय उचललेले, हेल्मेटखालून केस मागे उडालेले, अगदी शिकवल्यासारखी पुढे बघत. आणि खाली धुण्याच्या खोलीच्या दारातून गाडा बाहेर येत होता. उलटा. हौद्यात चादरींचा ढीग काकांच्या टोपीपेक्षा उंच. चालकबाईला त्या क्षणी काकांना काय दिसतंय ते तंतोतंत माहीत होतं. पांढरं कापड. बाकी काही नाही.

“मिरी,” ती जिवाच्या आकांताने ओरडली, “थांब.”

आणि मिरी थांबली.

पाय रोवले आणि खांबासारखी उभी राहिली, बरोबर गाड्याच्या मागे, आईकडे तोंड करून, शाबासकीची वाट बघत. आई ओरडली नसती तर त्याच वेगात ती पलीकडे निघून गेली असती. चालकबाईला हे दिसलं आणि तोंडातून पुढचा शब्दच फुटेना. हौद्याची कड मिरीच्या पाठीला लागली. मिरी पुढे पडली, सायकल एकीकडे, आणि वरून चादरींचा ढीग घसरला तो सगळा तिच्यावर आला.

मग मुलगी दिसेना. वाटेवर नुसता पांढरा ढिगारा.

बोक्याला काखेत मारून ती कशी धावली ते तिला नंतर आठवलं नाही. गुडघ्यांवर बसून तिने एक चादर ओढली, दुसरी ओढली, तिसरी. अर्धवट वाळलेल्या कापडाचा वास आणि खाली हालचाल नाही. किती चादरी होत्या कुणास ठाऊक, संपतच नव्हत्या. मन चिंती ते वैरी न चिंती, म्हणतात. तेवढ्या वेळात तिच्या मनाने सगळं चिंतून घेतलं, अगदी घरी परत जाऊन रिकाम्या बाल्कनीपर्यंत. मग तिच्या हाताला हेल्मेट लागलं. हेल्मेटखाली चेहरा. डोळे उघडे.

मिरी रडत नव्हती. तेच सगळ्यात वाईट होतं. मग तिने श्वास ओढला आणि असा भोंगा पसरला की दूरच्या तंबूतली माणसं बाहेर आली. आयुष्यात कुठला आवाज आपल्याला इतका गोड लागेल असं चालकबाईला वाटलं नव्हतं.

डावा हात ती हलवू देत नव्हती. खांद्याजवळ काहीतरी विचित्र उंच दिसत होतं.

नवरा धापा टाकत पोचला. काका गाड्यातून उतरून उभे होते आणि एकच वाक्य म्हणत होते, “मला दिसली नाही. मला दिसली नाही.” त्यांचे हात लटलट कापत होते.

गाडी सव्वा किलोमीटर लांब, फाटकाबाहेर. उचलून न्यावं तर प्रत्येक पावलाला हाड हलणार. चालकबाईने इकडेतिकडे पाहिलं. चार चाकांची गाडी तेवढी एकच होती.

“तू तिला घेऊन पुढे बस,” ती नवऱ्याला म्हणाली. “हात छातीशी धरून ठेव, हलू देऊ नकोस. काका, तुम्ही मागे बसा आणि याला धरा.” आणि ज्या माणसाने नुकतंच तिच्या मुलीला पाडलं होतं, त्याच्या हातात तिने बोका दिला. काकांनी त्याला दोन्ही हातांनी असा कवटाळला की बोकाही ओरबाडायचं विसरला.

ती चाकावर बसली. चालवण्यात काहीच नव्हतं, एक पट्टी पुढे, एक मागे, तिच्या बसपुढे खेळणंच. पण पट्टीवर पाय ठेवला आणि हात सवयीने हॉर्न शोधू लागला. गाड्याला हॉर्न नव्हता. वाटेवर ठिकठिकाणी मुलं होती, तीन चाकांवरची, दोन चाकांवरची, काठी घेऊन धावणारी. इथे गाडी येत नाही म्हणून आईबापांनी सोडलेली सगळी मुलं. आणि आता ती स्वतःच गाडी घेऊन त्यांच्यातून चालली होती.

“बाजूला व्हा,” ती ओरडू लागली. “गाडी येतेय. पोरांना धरा.” मागून काकाही घोगऱ्या आवाजात तेच ओरडू लागले. एकेक वळण आलं की ती वेग आणखी कमी करायची. एका झुडपामागून लाल टोपी घातलेला एक मुलगा आला, तिने गाडा थांबवला, उतरली, मागेपुढे पाहिलं, पुन्हा चढली. “चल ना,” नवरा कळवळून म्हणाला. मिरी हुंदके देत होती. तरी ती पुढच्या वळणावर पुन्हा उतरली. सव्वा किलोमीटर तिने आयुष्यात इतका लांब कधी पाहिला नव्हता.

हॉस्पिटलात फोटो काढला. गळ्याजवळच्या हाडाला तडा होता. डॉक्टर तरुण होत्या. फोटो उजेडावर धरून त्या म्हणाल्या, “मुलांमध्ये हे नेहमीचं. झोळीत हात ठेवा, तीन आठवड्यांत सांधेल. डोक्याला हेल्मेटने वाचवलं. तरी संध्याकाळपर्यंत इथेच थांबा, उलटी-बिलटी होते का बघू.”

मिरी औषधाने झोपली. बोका बापाच्या मांडीवर झोपला. बाहेरच्या बाकावर दोघं शेजारी बसले, आणि तिथे, भिंतीवरच्या हात धुण्याच्या सूचनांकडे बघत, तिने सगळं सांगितलं. शाळेमागचा रस्ता, चार बोटं, मास्तर. मग म्हणाली, “आणि आज मी ओरडले म्हणून ती थांबली. नसते ओरडले तर निसटली असती. आणि त्या चाकांच्या खुणा मी जागा बघायला आलो तेव्हाच पाहिल्या होत्या. तरी हो म्हटलं.”

त्याने मांडीवरून घसरणाऱ्या बोक्याला वर ओढलं. मग म्हणाला, “मीपण पाहिल्या होत्या.”

“काय?”

“खुणा. तू वाकून बघत होतीस तेव्हाच दिसल्या. म्हटलं, आता हिने हे काढलं तर आपलं जाणं कायमचं राहिलं. म्हणून मी झाडाकडे बघत उभा राहिलो.” त्याने बोक्याच्या डोक्यावरून हात फिरवला. “आणि मार्चपासून तू झोपेत पाय झाडतेस. ब्रेक दाबल्यासारखा. विचारलं नाही. विचारायला हवं होतं.”

तिने त्याच्या खांद्याला डोकं टेकलं. राग आला होता, पण कुणाकुणावर धरावा, याचा काही हिशेब लागेना.

संध्याकाळी डॉक्टरांनी सोडलं. नवरा मुलांना घेऊन फाटकाबाहेर गाडीत थांबला आणि ती तंबू आवरायला आत गेली. व्यवस्थापकीण वाटेतच भेटली, हातात कागद. तिचा मोठा आवाज कुठल्या कुठे गेला होता.

“तुम्ही तक्रार लिहून द्या,” ती म्हणाली. “काकांनी किल्ली ठेवली माझ्या टेबलावर. तुम्ही लिहिलंत की मी त्यांना काढते. बाकी लोकही तेच म्हणताहेत.”

चालकबाईने तिथेच ओंडक्यावर बसून लिहिलं. एका चालकाने लिहावं तसं: दार थेट वाटेवर उघडतं, वळणावर. मागचं बघायला आरसा नाही. मागे येताना आवाज होत नाही. ढीग डोळ्यांच्या वर रचला जातो. वेळ पाळली जात नाही आणि बदलली तर कुणाला कळवली जात नाही. शेवटी लिहिलं, चालकाने उतरून पाहिलं नाही. हे सगळं दुरुस्त होईपर्यंत गाडा बंद ठेवा. चालकाला काढा असं तिने लिहिलं नाही.

काका धुण्याच्या खोलीत एका पालथ्या टोपलीवर बसले होते. तिला बघून उठायला लागले.

“बसा,” ती म्हणाली. “हाड सांधेल. तीन आठवडे.”

त्यांनी तोंड दोन्ही हातांनी झाकलं. ती वाट बघत उभी राहिली.

“मागे घेताना उतरून बघायचं असतं काका,” मग ती म्हणाली. “वीस वर्षं काही झालं नाही, तरी.”

“हो.”

“मी ते लिहिलंय.”

“बरं केलंत.” त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. “तो धक्का. एवढासा होता. वाटलं दगड असेल.” त्यांनी तळहात पुढे धरला, अजून कापत होता. “हे थांबतं का हो?”

तिच्याकडे बरं वाटेल असं उत्तर होतं, पण ते तिला देववेना. “मला माहीत नाही,” ती म्हणाली. “माझं अजून थांबलं नाही. पण कुणाला तरी सांगा. मी गप्प राहिले, त्याने वाढलं.”

तिने एकटीने तंबू गुंडाळला, सामान हातगाडीवर टाकलं आणि उजेड असेतो फाटक गाठलं. घरी येताना नवरा गाडी चालवत होता आणि ती मागे दोन मुलांच्या मधे बसली होती. दर थोड्या वेळाने ती मिरीच्या नाकाशी बोट धरून श्वास लागतो का ते बघत होती.

डेपोत तिने सोमवारी वरिष्ठांना मार्चमधली गोष्ट सांगितली आणि शाळेमागच्या रस्त्यावर गाड्या उभ्या करायला बंदी घाला असा अर्ज दिला. त्यांनी अर्ज पुढे पाठवला. तिला दोन आठवडे दुसऱ्या मार्गावर टाकलं. पाय झाडणं कमी झालं, गेलं नाही. मिरीची झोळी निघाली. आता आई ओरडली की थांबायचं नाही, आधी बघायचं, हे तिला नव्याने शिकवायला हवं होतं, आणि ते साडेतीन वर्षांच्या पोरीला कसं शिकवतात ते चालकबाईला काही उमगत नव्हतं.

दीड महिन्याने व्यवस्थापकिणीचं पत्र आलं. नवऱ्याने जेवताना वाचून दाखवलं. वाटेवरचं दार बंद केलं, नवं दार बसवलंय. गाड्याला आरसा लावला, मागे येताना वाजणारी घंटा लावली. फाटकावर गाड्याच्या वेळा लिहितो. काका आता दोरीवरचे कपडे बघतात, गाडा चालवत नाहीत, त्यांनी स्वतःच सांगितलं. मिरीची आठवण काढतात. पुन्हा या.

“जाऊ या,” मिरी म्हणाली. तोंडात घास होता.

नवऱ्याने बायकोकडे पाहिलं. बोक्याने पत्र ओढायला हात लांबवला, ते तिने काढून घेतलं आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत पुन्हा वाचलं.

“नवं दार कुठल्या बाजूला उघडतं,” ती शेवटी म्हणाली, “ते नाही लिहिलं.”

नवऱ्याने हात धुतले आणि फोन जवळ ओढला.